एक शतांश सेकंद: वीरधवल खाडेची कारकीर्द

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज दोन आकड्यांपासून सुरुवात करू. २२.४६ आणि २२.४७.

हे सेकंद आहेत. २०१८ ची आशियाई स्पर्धा, जकार्ता, पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाइल, फायनल. जपानच्या शुनिची नाकाओने २२.४६ सेकंदांत भिंतीला हात लावला आणि त्याला ब्राँझ मिळालं. २२.४७ मध्ये हात लावणारा चौथा आला. त्याचं नाव वीरधवल खाडे. आपल्या कोल्हापूरचा.

फरक एक शतांश सेकंदाचा, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा. माझ्या कामात दहा मिलिसेकंदांबद्दल कोणी तक्रार केली तर आम्ही तिकीट बंद करून टाकतो. इथे त्या दहा मिलिसेकंदांत एक आशियाई पदक होतं.

आणि याच्यावरची गंमत ऐका. त्याच स्पर्धेच्या हीटमध्ये वीरधवलने २२.४३ ची वेळ दिली होती. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता. म्हणजे प्राथमिक फेरीत तो जितका जोरात पोहला, तितकाच फायनलमध्ये पोहला असता तर ब्राँझ त्याचं होतं. ज्या स्पर्धेत देशाचा विक्रम मोडला, त्याच स्पर्धेतून तो रिकाम्या हाताने परत आला.

लोक ही गोष्ट "बिचाऱ्याचं नशीब" म्हणून सांगतात आणि पुढे जातात. मला ती नशिबाची वाटत नाही. म्हणून आज ती नीट, सुरुवातीपासून बघू.

सोळा वर्षांचा ऑलिम्पियन

वीरधवलचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. कोल्हापूर म्हटलं की आपल्याला कुस्ती आठवते, फुटबॉल आठवतो, हल्ली नेमबाजी आठवते. पोहणं पटकन आठवत नाही. या मुलाने तिथून सुरुवात केली आणि पुढे बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे सराव केला. अमीन सर म्हणजे भारतीय पोहण्यातलं मोठं नाव, त्यांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताचे चार जलतरणपटू गेले. वीरधवल, संदीप सेजवाल, रेहान पोंचा आणि अंकुर पोसेरिया. वीरधवल ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल अशा तीन प्रकारांत उतरला. वय किती? सोळा. सतरावा वाढदिवस ऑलिम्पिक संपल्यावर आला.

तिथे १०० मीटरमध्ये त्याने आपली हीट जिंकली. हीट जिंकली म्हणजे पुढच्या फेरीत गेला असं नाही. पोहण्यात सगळ्या हीट्सच्या वेळा एकत्र लावतात आणि वरचे सोळा पुढे जातात. एकूण यादीत तो ४२ वा होता. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या तलावात, सोळाव्या वर्षी, स्वतःची सर्वोत्तम वेळ देऊन यायचं ही साधी गोष्ट नाही. भले भले तिथे गेल्यावर आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा मागे पडतात.

मग २०१०, ग्वांगझू आशियाई स्पर्धा. ५० मीटर बटरफ्लायमध्ये वीरधवलने २४.३१ सेकंदांत ब्राँझ जिंकलं. हे पदक किती दुर्मीळ होतं ते समजून घ्या. पहिल्या आशियाई स्पर्धा १९५१ मध्ये दिल्लीत झाल्या. त्यात सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धांमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण, कुठल्याही खेळातलं. आणि त्यानंतर? १९८६ मध्ये सोलला खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य मिळवलं. तिथून थेट २०१०. मधे चोवीस वर्षं पोहण्यात आशियाई पदक नाही. ती रांग एकोणीस वर्षांच्या कोल्हापूरकराने मोडली. पुढच्या वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. पेपरात फोटो, गावात सत्कार, हार-तुरे. माझ्या मते खरी गोष्ट याच्या पुढे आहे.

दादा, काय मिळतं?

पुढे जाण्याआधी हा भाग का करतोय ते सांगतो. माझी एक मावसबहीण आहे, सांगलीला. यंदा दहावीत गेली. पाचवीपासून पोहते, राज्य पातळीपर्यंत जाऊन आली आहे. गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला.

"अरे, तू जरा तिला समजाव. तुझं ऐकते ती. दहावीचं वर्ष आहे, सकाळी पाचला उठून तलावावर जायचं, संध्याकाळी परत जायचं, मग अभ्यास कधी? पोहणं काय, नंतरही करता येईल."

मी म्हटलं, "मावशी, आधी तिच्याशी बोलतो, मग सांगतो."

फोनवर ती एकदम शांत होती. म्हणाली, "दादा, आई म्हणते पोहून काय मिळणार. मला उत्तरच देता येत नाही. तूच सांग ना, काय मिळतं?"

आता मी बीटेक केलेला, आयटीत नोकरी करणारा माणूस. घरात माझं नाव "असं वागावं" याचं उदाहरण म्हणून घेतात, याची मला कल्पना आहे. त्यामुळे मावशीला माझ्याकडून काय ऐकायचं होतं हे मला कळत होतं. पण मुलीने प्रश्न सरळ विचारला होता, तर उत्तरही सरळ द्यायला हवं. म्हणून मी वीरधवलच्या कारकिर्दीतल्या वर्षं आणि वेळा एका शीटमध्ये मांडायला बसलो. माझ्या डोक्यात गोष्टी अशाच शिरतात, काय करणार!

तर त्या शीटमध्ये काय दिसलं?

नऊ वर्षं, नऊ शतांश

२००९ मध्ये टोकियोला आशियाई वयोगट स्पर्धा झाली. तिथे वीरधवलने ५० मीटर फ्रीस्टाइल २२.५२ सेकंदांत पूर्ण केली. राष्ट्रीय विक्रम. तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होत होता. हा विक्रम नऊ वर्षं टिकला. २०१८ ला जकार्तात तो मोडला, तोही त्यानेच. २२.४३.

नऊ वर्षांत नऊ शतांश सेकंद.

हा आकडा बघून तुम्ही म्हणाल, मग प्रगती काय झाली? दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, स्प्रिंटमध्ये वेळ अशीच शतांशांनी कमी होते. ५० मीटरच्या शर्यतीत चुकीला जागाच नसते. उडी, पाण्याखालची किक, मग वर येऊन स्ट्रोक आणि शेवटी भिंतीला हात. बहुतेक स्प्रिंटर पूर्ण ५० मीटरमध्ये एखादा श्वास घेतात किंवा घेतच नाहीत, कारण मान वळवली की वेळ जातो. पाण्याखाली फार काळ राहूनही चालत नाही, १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं, तसा नियम आहे. एवढ्या सगळ्यात नऊ शतांश वाचवायला माणसाला महिनोन्‌महिने लागतात.

दुसरी गोष्ट, २००९ हे साल पोहण्याच्या इतिहासात वेगळं होतं. तेव्हा पॉलियुरेथेनचे खास सूट चालायचे, पाण्यात अंग वर तरंगत ठेवणारे. त्या वर्षी रोमला झालेल्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. एका स्पर्धेत! मग १ जानेवारी २०१० पासून त्या सूटवर बंदी आली. त्या काळातले कित्येक विक्रम नंतर वर्षानुवर्षं कोणाला हलवता आले नाहीत. त्यामुळे २०१८ मध्ये साध्या कापडी सूटवर २००९ ची स्वतःची वेळ मागे टाकणं हे आकड्यात दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं काम आहे.

पण माझ्या शीटमध्ये सगळ्यात जास्त नजरेत भरली ती मधली जागा. २०१० च्या पदकानंतर आणि २०१८ च्या विक्रमाआधी. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला भारताचा एकच जलतरणपटू होता, गगन उल्लालमठ. वीरधवल नाही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्यात ब्राँझ मिळालं, ते संदीप सेजवालला, ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये. बीजिंगला बरोबर गेलेला सहकारी. वीरधवल तिथेही नाही. २०१६ रिओ, नाही.

विसावं ते सव्विसावं वर्ष. स्प्रिंटरची ताकद याच वयात भरते. मग या वर्षांत हा माणूस होता कुठे?

तहसीलदार साहेब

तो महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत होता. तहसीलदार म्हणून. सिंधुदुर्गातल्या मालवणला त्याची नेमणूक होती.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय पदक मिळवणाऱ्या खेळाडूंना राज्य सरकार थेट नोकरी देतं. नेमबाज राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाली, धावपटू ललिता बाबर उपजिल्हाधिकारी, महाराष्ट्र केसरी विजय चौधरी पोलिस उपअधीक्षक. शिवाय शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे धोरण चांगलंच आहे. क्रिकेट सोडलं तर आपल्याकडे खेळाडूला पोटापाण्याचा भरवसा कुठे असतो? घरचे लोक जे "पोहून काय मिळणार" विचारतात, त्यांना हे ठोस उत्तर आहे. नोकरी मिळते. तीही साधीसुधी नाही.

पण तहसीलदाराचं काम काय असतं ते आठवा. ज्यांनी कधी तहसील कचेरीत दाखल्यासाठी रांग लावली असेल त्यांना माहीत आहे. जमिनीचे वाद, दाखले, रेशन, निवडणुका, पूर-वादळ आलं तर पंचनामे, बेकायदा वाळू उपशावर रात्री-अपरात्री कारवाई. तालुक्यात काहीही झालं की फोन तहसीलदाराला. ती खुर्ची शोभेची नाही. आणि स्प्रिंटरला लागतो दिवसातून दोनदा तलाव, मधे जिम, मधे झोप, आणि हे सगळं आठवड्यातून सहा दिवस. मालवणला समुद्र भरपूर आहे, पण लाटांमध्ये ५० मीटरच्या स्प्रिंटचा सराव होत नाही. त्याला भिंत लागते, उडी मारायला ब्लॉक लागतो, घड्याळ लागतं, कोच लागतो.

पोहणाऱ्यांना विचारा, ते सांगतात की आठवडाभर पाणी सुटलं तरी हाताला पाणी "लागत" नाही. धावपटू सुट्टीतही चालतो, जिना चढतो, पायाची सवय पूर्ण मोडत नाही. पोहणारा पाण्याबाहेर असतो तेव्हा तो पोहण्याचं काहीच करत नसतो. इथे तर वर्षं गेली.

यात मला कोणी व्हिलन दिसत नाही. सरकारने बक्षीस दिलं, त्याने ते स्वीकारलं. कोणीही स्वीकारलं असतं, तुम्ही-आम्हीही. पण व्यवस्था म्हणून बघितलं तर काय झालं? खेळात चांगलं केल्याबद्दल असं बक्षीस मिळालं की ज्यामुळे खेळच थांबला. आमच्या क्षेत्रात हे कायम होतं. उत्तम कोड लिहिणाऱ्याला बढती म्हणून मॅनेजर करतात आणि मग तो कधी कोड लिहीत नाही. तिथे नुकसान कंपनीचं. इथे नुकसान भरून निघत नाही, कारण चोविसावं वर्ष परत येत नाही.

याला दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तोही कोल्हापूरचाच आहे. स्वप्नील कुसाळे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. तो मध्य रेल्वेत टीसी होता, २०१५ पासून. रेल्वेत खेळाडूंना भरती करण्याची जुनी परंपरा आहे आणि सराव-स्पर्धांसाठी सुट्टी मिळण्याची वाट तिथे रुळलेली आहे. पगार चालू, खेळ चालू. पद मोठं नसेल, पण खेळायचं वय खेळण्यातच जातं. मोठी खुर्ची नंतरही देता येते. माझं म्हणणं एवढंच की पदक मिळालेल्या विशीतल्या खेळाडूला नोकरी देताना पहिली काही वर्षं "तुझं काम म्हणजे तुझा सराव" असं लेखी द्यायला काय हरकत आहे? नोकरी हक्काची, पण रुजू व्हायची तारीख त्याच्या शेवटच्या शर्यतीनंतरची.

परत पाण्यात

तर नोकरीत राहून, मधे वर्षं गेल्यावर, वीरधवल परत सरावाकडे वळला. आणि २०१८ ला जकार्तात, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, आयुष्यातली सगळ्यात वेगवान ५० मीटर पोहला. म्हणजे शरीरात ती वेळ होती. मधल्या काळातही असणार, फक्त तिला तलाव मिळाला नाही.

आता त्या एक शतांशाकडे परत येऊ, कारण माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. २२.४७ सेकंदांत ५० मीटर म्हणजे सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर. एका शतांश सेकंदात किती अंतर? साधारण सव्वादोन सेंटीमीटर. तुमच्या अंगठ्याची रुंदी.

मग प्रश्न येतो, घड्याळ हजारांश सेकंदही मोजू शकतं, तर पोहण्यात शतांशावर का थांबतात? याची गोष्ट १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकची. ४०० मीटर मेडलीमध्ये स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत सारखी आली. मग हजारांश बघितले. लार्सन ०.००२ सेकंदाने पुढे, त्याला सुवर्ण. नंतर लोकांच्या लक्षात आलं की एवढ्या वेळात माणूस काही मिलिमीटर पुढे जातो, आणि तलावाची प्रत्येक लेन मिलिमीटरपर्यंत सारखी बांधलेलीच नसते. नियमानुसार ५० मीटरचा तलाव तीन सेंटीमीटरपर्यंत जास्त लांब असला तरी चालतो. म्हणून हजारांशांचा हिशेब बंद केला. आता शतांश सारखे आले की दोघांना तेच पदक देतात.

आता तुम्ही म्हणाल, सव्वादोन सेंटीमीटर तर तीन सेंटीमीटरपेक्षा कमीच झाले! बरोबर. शतांशही शंभर टक्के सुरक्षित नाही. पण रेष कुठेतरी मारावी लागते आणि ती सगळ्यांसाठी एकच असते. त्यामुळे वीरधवलवर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. त्यानेही आपली कारकीर्द याच घड्याळावर मोजली आहे, २२.४३ सुद्धा त्याच घड्याळाने दिलेले आहेत.

शेवटचा हात कसा लागतो यावर किती अवलंबून असतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण २००८ च्या बीजिंगचंच. १०० मीटर बटरफ्लायची फायनल. सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता, हात लांब करून भिंतीकडे सरकत होता. मायकल फेल्प्सने मागून एक अर्धा स्ट्रोक जास्त मारला आणि भिंतीवर हात आपटला. ५०.५८ विरुद्ध ५०.५९. त्या एका शतांशाने फेल्प्सची आठ सुवर्णं पूर्ण होऊ शकली, नाहीतर सातच झाली असती. म्हणजे हा शतांश कोणाच्या वाट्याला कसा येईल याचा भरवसा नाही. आपल्या हातात एवढंच असतं की शतांशावर गोष्ट येऊच नये इतकं पुढे राहायचं. आणि तेवढं पुढे राहायला लागतात ती मधली हरवलेली वर्षं. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, मला ही गोष्ट नशिबाची वाटत नाही.

कोविड आणि गोवा

पुढचं लक्ष्य होतं टोकियो ऑलिम्पिक. ५० मीटर फ्रीस्टाइलची थेट पात्रता, म्हणजे "अ" वेळ, २२.०१ होती. वीरधवलचा विक्रम २२.४३. म्हणजे अजून ०.४२ सेकंद. नऊ वर्षांत नऊ शतांशांचा हिशेब आपण आत्ताच केला, त्यामुळे हे अंतर किती मोठं होतं ते तुम्हाला कळेल.

आणि तेवढ्यात कोविड आला. मार्च २०२० मध्ये सगळे तलाव बंद. बाकी खेळाडू निदान गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होते. पोहणाऱ्याने काय करायचं? बाहेरच्या काही देशांत सराव सुरू झाला तरी आपल्याकडे तलाव बंदच. जून २०२० मध्ये वीरधवलने ट्विटरवर लिहिलं की कदाचित निवृत्तीचा विचार करावा लागेल. त्याची चर्चा झाली, बातम्या आल्या. खेळाडूंच्या सरावासाठी तलाव उघडायला परवानगी मिळाली ती ऑक्टोबरच्या मध्यात. सात महिने! टोकियोला साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज "अ" वेळ देऊन गेले, भारतीय पोहण्यात असं पहिल्यांदाच घडलं. वीरधवलला बीजिंगनंतर ऑलिम्पिक मिळालं नाही.

तरी तो पोहत राहिला. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण महाराष्ट्राच्या वीरधवल खाडेने जिंकलं, आणि महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण महाराष्ट्राच्याच ऋजुता खाडेने. ऋजुता त्याची बायको. एकाच स्पर्धेत देशातला सगळ्यात वेगवान पुरुष आणि सगळ्यात वेगवान बाई एकाच घरातले! त्यानंतर त्याने राष्ट्रीय स्पर्धांना निरोप देत असल्याचं जाहीर केलं. बत्तिसाव्या वर्षी, पहिला येऊन.

आणखी एक गोष्ट. त्याचं आशियाई पदक ५० मीटर बटरफ्लायमधलं होतं. हा प्रकार तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा येतोय. म्हणजे आज बारा-पंधरा वर्षांचं जे पोरगं बटरफ्लायचा स्प्रिंट मारतंय, त्याच्यासाठी तो दरवाजा उघडला आहे. वीरधवलच्या वेळी तो बंद होता.

मग उत्तर काय?

हे सगळं मी माझ्या बहिणीला सांगितलं. मावशी आणि काकाही फोनवर होते, स्पीकर लावून. पदक मिळेल, ऑलिम्पिकला जाशील असं काही मी म्हटलं नाही. ते कोणालाच माहीत नसतं. दोन गोष्टी सांगितल्या.

एक, काय मिळतं याचं उत्तर नोकरी, आरक्षण, सत्कार असं देता येतं आणि ते खोटं नाही. पण त्याआधी एक गोष्ट मिळते. असं घड्याळ मिळतं जे तुझं आडनाव बघत नाही, ओळख बघत नाही, तू कुठल्या गावची ते बघत नाही. कोल्हापूरच्या मुलाला जी वेळ दिली तीच टोकियोच्या मुलाला. आयुष्यात नंतर असं घड्याळ फार कमी ठिकाणी भेटतं. माझ्या अप्रेझलमध्ये तर नक्कीच नाही.

दोन, "नंतरही करता येईल" हे वाक्य पोहण्याच्या बाबतीत जपून वापरायचं. वीरधवलने नंतरही करून दाखवलं, विक्रमही मोडला. पण त्याची किंमत तोच जाणतो, आणि तो पंधरा-सोळाव्या वर्षी ऑलिम्पिकच्या तयारीचा होता. साधारण मुला-मुलीला एक वर्ष पूर्ण पाणी सुटलं तर परत येणं अवघड असतं. म्हणून सोडायचं असेल तर "सोडतोय" असं म्हणून सोडा. थांबवायचं असेल तर कमी करा, शून्य करू नका.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "संध्याकाळचं बंद करून फक्त सकाळचं ठेवलं तर चालतं का रे?"

मी म्हटलं, "काका, ते तिच्या कोचना विचारा. पण शून्यापेक्षा एक बराच मोठा असतो."

मावशी म्हणाली, "पहाटे पाचला उठवायचं मलाच ना शेवटी!" पण हसत म्हणाली. सध्या सकाळचं चालू आहे. बोर्डाचा निकाल काय लागेल, पुढे ती पोहेल की नाही, हे त्यांचं ते ठरवतील. मी फक्त शीट पाठवून दिली.

तर मंडळी, वीरधवल खाडे या नावापुढे "एक शतांशाने हुकलेलं पदक" एवढंच लिहून थांबू नका. सोळाव्या वर्षी ऑलिम्पिक, एकोणिसाव्या वर्षी चोवीस वर्षांचा दुष्काळ संपवणारं पदक, मधे कचेरीतली वर्षं, आणि मग स्वतःचाच नऊ वर्षं जुना विक्रम मोडणं. एवढं सगळं एका माणसाने केलंय, आणि तो आपल्यातलाच आहे.

तुमच्या गावात तलाव असेल तर एकदा सकाळी सहाला जाऊन काठावर उभे राहा. कुठलं तरी पोरगं स्टॉपवॉचकडे बघत हाफत असेल. त्याला त्याची वेळ विचारा. नाव नंतर विचारा, आधी वेळ. त्याला किती बरं वाटतं बघा.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर घरातल्या दहावीवाल्यांच्या आई-वडिलांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि जमलं तर पोहायला जा!